गिटार, काळी चार आणि पहिले शंभर दिवस

तुमच्यातले निम्मे जण आत्ता लोकलमध्ये नाहीतर पीएमपीच्या बसमध्ये असणार आणि उरलेले भांडी घासत असणार. दोघांचंही स्वागत. ज्यांना कानात आवाज नको असतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा पूर्ण मजकूर. बोलल्यासारखाच ठेवलाय, फार इस्त्री केलेली नाही.

आजचा विषय गिटार. मागच्या काही एपिसोडनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "दादा, वय पंचवीसच्या पुढे गेलंय, आता जमेल का?" मी अठ्ठावीसचा आहे. दिवसभर कोड लिहितो, कोडपेक्षा जास्त मीटिंग करतो. मागच्या वर्षी पहिल्यांदा गिटार हातात घेतली, त्याआधी कधीच नाही. म्हणून आज गुरू म्हणून नाही, तुमच्यापेक्षा एक इयत्ता पुढे असलेला मुलगा म्हणून बोलतोय. पहिल्या शंभर दिवसांत नक्की काय होतं, लोक कुठे अडतात आणि का अडतात, तेवढंच.

आधी एक आकडा. गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख अँडी मूनी यांनी मुलाखतींमधून सांगितलं होतं की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी साधारण ९० टक्के लोक वर्षभरात ती सोडून देतात. दहातले नऊ! तुमच्या ओळखीच्या प्रत्येक घरात कपाटावर एक गिटार झोपलेली का दिसते, ते कळलं ना? आता हे नऊ जण काय सगळेच बेसूर होते? अजिबात नाही. माझ्या मते त्यातल्या बहुतेकांना तीन साध्या गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक गिटारबद्दल, एक डाव्या हाताबद्दल आणि एक उजव्या हाताबद्दल.

पहिली गोष्ट, गिटार.

दुकानातून थेट घरी आणलेली स्वस्त गिटार बऱ्याचदा वाजवायला तयार नसते. तारा आणि फ्रेटबोर्ड यांच्यात जे अंतर असतं त्याला 'ॲक्शन' म्हणतात. बाराव्या फ्रेटवर हे अंतर साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर अकूस्टिक गिटार आरामात वाजते. चार मिलिमीटर असेल तर कितीही जोर लावा, बोटं दुखणार आणि सूरही चढा लागणार, कारण तार खाली दाबताना ती जास्त ताणली जाते. नवशिक्याला वाटतं, आपल्याच बोटात जोर नाही. दोष बोटाचा नसतोच, लाकडाचा असतो.

म्हणून गिटार घेतली की वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या आणि 'सेटअप करून द्या' म्हणा. तो मानेच्या आत असलेली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडी फिरवतो, खालचं सॅडल घासतो, तारा खाली येतात. मला सातशे रुपये लागले. पाच हजारांच्या गिटारवर सातशे रुपयांनी जेवढा फरक पडला, तेवढा पंधरा हजारांची घेऊनही कदाचित पडला नसता.

आणि आपल्याकडचा खास प्रॉब्लेम म्हणजे पावसाळा. स्टीलच्या सहा तारा मिळून त्या लाकडाला सुमारे ७० किलोच्या ताकदीने ओढत असतात. जुलैमध्ये लाकूड ओलावा पितं, पुढची फळी किंचित फुगते आणि ॲक्शन पुन्हा वर जाते. तारा गंजतात ते वेगळंच. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मंडळींनी तर गिटार भिंतीवर टांगायचीच नाही. कव्हरमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की सुक्या कापडाने तारा पुसा. बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या आता फेकायच्या नाहीत, कळलं?

दुसरी गोष्ट, डावा हात. इथे दुखण्याबद्दल स्पष्ट बोलू या.

दुखणं दोन प्रकारचं असतं. बोटांच्या टोकांची आग होणं, हे ठीक. तीन-चार आठवड्यांत टोकांची कातडी जाड होते आणि आग थांबते. रोज थोडं वाजवलं तरच ती जाड होते. आठ दिवस सुट्टी घेतली की कातडी परत मऊ व्हायला लागते. पण मनगट दुखणं, कोपरापर्यंत कळ जाणं, बोटांना मुंग्या येणं, हे ठीक नाही. तिथे थांबायचं. आपण आयटीवाले आधीच दिवसाचे आठ-दहा तास की-बोर्डवर मनगट झिजवतो. त्यावर आणखी एक ओझं चढवू नका. मनगट शक्य तितकं सरळ, अंगठा मानेच्या मागे सैल, आणि बोट फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून मागे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरीही तार खरखरते. नखं कापलेली हवीत. आणि अंगठा पिळल्यासारखा दाबत असाल तर एक चाचणी करा. कॉर्ड धरा आणि अंगठा मानेवरून हळूच उचला. कॉर्ड वाजली तर जोर बरोबर आहे.

आता कॉर्ड्सकडे. यूट्यूबवर प्रत्येक जण सांगतो, 'चार कॉर्ड्स शिका आणि शंभर गाणी वाजवा.' खोटं नाही, पण अर्धंच सांगतात. ई मायनर, ए मायनर, सी आणि जी या चार कॉर्ड्सचे आकार तुम्ही एका शनिवारी पाठ कराल. अडचण आकारांची नसतेच. गाणं अडतं ते एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. कॉलेजमधलं गणित आठवा. चार कॉर्ड्स म्हणजे सहा जोड्या, पाच कॉर्ड्स म्हणजे दहा जोड्या. शिकायच्या आहेत त्या जोड्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्राफचे नोड्स सगळे पाठ करतात, एजेस कुणी करत नाही.

आणि प्रत्येक जोडी सारखी अवघड नसते. ए मायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट हलतच नाही. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून उठते आणि पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. बस्स! नवीन जोडी घेतली की आधी स्वतःला विचारा, यात कुठलं बोट जागेवर राहतंय? तेच तुमचं खुंटीला बांधलेलं बोट, बाकीची त्याच्याभोवती फिरतात.

जस्टिन सँडरको नावाचे एक ऑस्ट्रेलियन शिक्षक आहेत, त्यांचे धडे इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांचा एक व्यायाम मी रोज करतो. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि एकच जोडी घेऊन किती वेळा बदल होतो ते मोजायचं. पहिल्या दिवशी माझे सीवरून जीवर अकरा बदल झाले. तिसऱ्या आठवड्यात चौतीस. मी वहीत आकडे लिहिले, कारण कानाला प्रगती कळत नाही, वहीला कळते. रोज 'तसंच येतंय' असं वाटतं आणि मागची पानं उलटली की कळतं, तसंच नाही येत.

एफ कॉर्डबद्दल एक वाक्य, नाहीतर मेसेज येतील. एफमध्ये तर्जनीने सहाही तारा पहिल्या फ्रेटवर एकदम दाबायच्या असतात आणि पहिला फ्रेट सगळ्यात कडक असतो, कारण तो नटला लागून असतो. तेव्हा हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तारा नरम लागतात. मग दर आठवड्याला एक-एक फ्रेट खाली सरका. महिन्याभरात एफपाशी पोचाल.

तिसरी गोष्ट, उजवा हात. आणि इथे आपल्याला, मराठी घरात वाढलेल्यांना, एक आयता फायदा आहे.

इंटरनेटवर सगळ्यात जास्त सापडणारा स्ट्रमिंग पॅटर्न म्हणजे डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप. नवशिके तो मंत्रासारखा घोकतात आणि तरी हात लंगडतो. तो घोकू नका, मोजा. आठ मात्रा मोजा. लहानपणापासून भजनात ऐकलेला आपला केरवाच की हा! हात घड्याळाच्या लंबकासारखा सतत हलत राहतो, विषम मात्रेला खाली, सम मात्रेला वर. पहिलीला तारांवर, दुसरीला हवेत, तिसरीला तारांवर, चौथीला तारांवर, पाचवीला हवेत, सहावी, सातवी, आठवी तारांवर. हात कधीच थांबत नाही, फक्त कधी तारांना लागतो आणि कधी नाही. हवेतली मात्रा म्हणजे टाळी-खालीतली खाली समजा. दादरा हवा असेल तर सहा मात्रा, त्यातली फक्त दुसरी हवेत सोडा.

शेजाऱ्यांची काळजी असेल तर ब्रिजजवळ तारांखाली एक जुना रुमाल सरकवा. आवाज एकदम दबतो, हाताचा सराव मात्र पूर्ण होतो. वन बीएचकेमध्ये रात्री दहानंतर मी असाच वाजवतो.

आता मी हे सगळं का करत होतो, ते सांगतो.

माझ्या आईचं माहेर मिरजेचं. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला. आई लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा झाली होती, विशारद राहिली ती राहिलीच. पेटी माहेरी राहिली. आमच्या घरात तिचं गाणं म्हणजे पोळ्या लाटताना गुणगुणणं, एवढंच. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले आणि तेही बंद झालं. ती माझ्याकडे पुण्याला राहायला आली. बोलायची, हसायची, सगळं व्यवस्थित. फक्त स्वयंपाकघरातून आवाज यायचा तो कुकरचा.

मी तिला 'गा ना' असं कधी म्हणालो नाही. म्हणून कुणी गातं का? गिटार आणली आणि हॉलमध्ये बसून रोज संध्याकाळी टॅण टॅण करायला लागलो. दहा-बारा दिवसांनी ती आतून म्हणाली, "अरे, ती खालून दुसरी तार उतरलीय बघ." मी ट्यूनर ॲप उघडून पाहिलं, तर खरंच उतरली होती. त्या दिवसापासून ॲप उघडायच्या आधी मी तिला विचारायला लागलो.

मग एकदा तिला जुन्या भावगीताची चाल वाजवून दाखवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "ही माझी पट्टी नाही. मी काळी चारमध्ये गाते." तिथे माझी शोधाशोध सुरू झाली. ते गणित सगळ्यांना देतो, कारण ज्यांच्या घरात कुणीतरी गातं त्या प्रत्येकाला ते लागणार आहे.

पेटीची भाषा आणि गिटारची भाषा वेगळी आहे, स्वर तेच आहेत. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक म्हणजे सी शार्प. काळी चार म्हणजे जी शार्प. जी शार्पच्या कॉर्ड्स सरळ धरायला गेलात तर एफसारखे बोटमोडे आकार येतात. पण कॅपो नावाचा एक चिमटा मिळतो, शंभर-दोनशे रुपयांत. तो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जीचे सोपे आकार धरा. झाली काळी चार. काळी एक हवी? कॅपो पहिल्यावर आणि सीचे आकार. काळी दोन? कॅपो पहिल्यावर, डीचे आकार. काळी तीन? कॅपो दुसऱ्यावर, ईचे आकार. काळी पाच? कॅपो तिसऱ्यावर, जीचे आकार. स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

मी कॅपो लावला, जी धरली. आईने ऐकलं आणि म्हणाली, "पट्टी बरोबर आहे, पण तुझा गंधार चढा आहे."

मी परत ॲप उघडलं. सगळ्या तारा बरोबर. म्हटलं, आई, मशीन सांगतंय बरोबर आहे. ती म्हणाली, "मग मशीनचाच चढा असेल." आणि मंडळी, ती शंभर टक्के बरोबर होती. गिटारच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेल्या असतात. प्रत्येक फ्रेटला कंपनसंख्या दोनच्या बाराव्या मुळाने, म्हणजे साधारण १.०५९५ ने वाढते. त्यामुळे कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, पण किंमत द्यावी लागते. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा जो शुद्ध गंधार आहे, त्यापेक्षा गिटारचा गंधार सुमारे १४ सेंट वर असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. मला ते ऐकूच येत नव्हतं. तंबोऱ्यावर घडलेल्या कानाला पस्तीस वर्षांनंतरही ऐकू आलं. पंचमात मात्र फरक जेमतेम दोन सेंटचा, तो कुणालाच खुपत नाही.

यातून एक युक्ती सापडली. मेजर कॉर्ड म्हणजे सा, ग, प. मायनर म्हणजे सा, कोमल ग, प. यातला ग काढून टाकला तर उरतो सा आणि प, म्हणजे तंबोराच! रॉकवाले याला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि तो दोन बोटांत धरता येतो. कुणी रागातलं गात असेल आणि कुठली कॉर्ड लावायची कळत नसेल, तर फक्त सा आणि प धरा आणि हळू छेडत राहा. गाणाऱ्याचा गंधार त्याच्या गळ्यातून येऊ द्या. मालकंस असेल तर त्यात पंचम नाही, तिथे पच्या जागी म.

मी सा-प धरला. आईने अर्धा मिनिट नुसतं ऐकलं. मग हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि मुखडा म्हटला, एकदाच. आवाज थोडा कापला, वरच्या सा ला पोचला नाही. "सवय गेली," एवढंच म्हणाली आणि परत मेथी निवडायला लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र मी लॅपटॉप बंद करायच्या आत तिनेच विचारलं, "आज काढणार नाहीस का ती?"

बाकी काय सांगू. ती आता रोज गाते असं म्हणणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा गाते. काही दिवस नुसती बसते. पण गेले काही महिने आमच्याकडे संध्याकाळी कुकरशिवायही आवाज असतो.

म्हणून 'आता शिकून काय उपयोग' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. स्टेजवर जायचं असेल तर उशीर झाला असेल कदाचित. पण गिटार हे मुळात साथीचंही वाद्य आहे, आणि साथ करायला तीन कॉर्ड्स, स्थिर लय आणि उघडे कान पुरतात. घरातला जो माणूस गायचा थांबलाय, त्याच्यासाठी अठ्ठावीस हे वय बरोबर आहे.

काही जण म्हणतात, माझी बोटं जाड आहेत, आखूड आहेत. ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होते. १७ वर्षांचे असताना मशीनमध्ये त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. कारखान्यातल्या त्यांच्या साहेबाने त्यांना जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८ मध्ये आगीत निकामी झाली होती आणि तरी तो तसा वाजवत होता. आयोमींनी वितळवलेल्या प्लॅस्टिकची टोपणं बनवली, तारा सैल केल्या आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. आणि 'हे वाद्य आपलं नाही' म्हणणाऱ्यांनी ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार ऐकावी, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये, संतूर आणि बासरीच्या शेजारी बसलेली.

तर या आठवड्याचा गृहपाठ. रोज वीस मिनिटं, रविवारी एकदम तीन तास नाही. पहिली दोन मिनिटं तारा सुरात लावा, आधी कानाने, मग ॲपने. पुढची आठ मिनिटं दोनच जोड्या, टायमर लावून, आकडे वहीत. पुढची पाच मिनिटं रुमाल लावून फक्त केरवा, डावा हात तारांवर नुसता टेकवून. शेवटची पाच मिनिटं कुठलंही गाणं, कितीही वाईट वाजलं तरी शेवटपर्यंत. आणि गिटार कव्हरमध्येच, पण कव्हर कपाटावर नाही, सोफ्याशेजारी, हाताला लागेल अशी. कपाटावर गेली की ती त्या नऊ जणांची झाली.

आणि घरात कुणी गात असेल, किंवा कधीकाळी गायचं, तर आज जेवताना सहज विचारा, "तुमची पट्टी कुठली?" उत्तर काय आलं ते मला मेसेज करा, कॅपो कुठे लावायचा ते सांगतो. पुढच्या शनिवारी भेटू. मनगट सांभाळा!